स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा की मॅनेज्ड होस्टिंगचं बिल भरत राहायचं?

अर्धविराम

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आम्ही तिघं मिळून एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. संस्थांची सभासद नोंदणी, वर्गणी, पावत्या असलं काम. रोज साधारण ९०० जण वापरतात. एक वेब अ‍ॅप, मागे पावत्या आणि मेल तयार करणारा वर्कर आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, एवढाच संसार. पहिल्या दिवसापासून सगळं मॅनेज्ड प्लॅटफॉर्मवर आहे, म्हणजे सर्व्हर ती कंपनीच सांभाळते. कोड ढकलला की दोन मिनिटांत लाइव्ह. सर्व्हर नावाची वस्तू मी पाहिलेलीच नाही म्हणा ना.

आता डेटाबेसला मेमरी कमी पडायला लागली आहे. वरचा प्लॅन घेतला तर डेटाबेसचं बिल थेट दुप्पट, मधला टप्पाच नाही. तेवढ्याच पैशात साधा व्हीपीएस (आपणच सांभाळायचा भाड्याचा सर्व्हर) घेतला तर चौपट मेमरी मिळते. आमच्यातला एक म्हणतो, आपला हात जगन्नाथ, एका शनिवार-रविवारात सगळं हलवू. दुसरा म्हणतो, हलवा खुशाल, पण बंद पडेल त्या दिवशी मला फोन करायचा नाही. माझं अजून ठरत नाहीये.

ज्यांनी हे केलंय, किंवा करून परत आलेत, त्यांनी सांगा. 'डिपेंड करतं' हे उत्तर मला माहीत आहे, ते सोडून.

टर्मिनलवासी

हलवा. मी ८ वर्षं दोन व्हीपीएस चालवतोय. डेबियन लिनक्स, एनजिनेक्स हा वेब सर्व्हर, पोस्टग्रेस, रात्री बॅकअप. सुरक्षेचे पॅच आपोआप लागतात. महिन्याला सरासरी दोन तास जातात. मॅनेज्डवाले भीती विकतात.

खडूस_काका

महिन्याला सरासरी दोन तास, की सात वर्षं शून्य आणि आठव्या वर्षी एकाच आठवड्यात दोनशे?

टर्मिनलवासी

काका, पकडलंत :)

सलग दोनशे नाही, पण एक आठवडा होता खरा. सेंटॉस ८ या लिनक्सवर सगळं नीट बसवलं आणि २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालं की त्याचा पाठिंबा २०२१ अखेर बंद. मी २०२९ पर्यंत निश्चिंत होतो! तेव्हाच डेबियनवर आलो.

निशाचर

अर्धविराम, तुमच्या दुसऱ्या भागीदाराला माझा नमस्कार सांगा. तो माणूस कधीतरी भाजलेला आहे.

माझी गोष्ट सांगतो. कंपनीत पोस्टग्रेस आम्हीच चालवायचो. एक प्रायमरी (मूळ डेटाबेस), एक रेप्लिका (त्याची सतत ताजी होणारी प्रत). रेप्लिकाचं काम संपलं म्हणून एके दिवशी ते मशीन बंद करून टाकलं. पण प्रायमरीवर तिचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्लॉट असला की पोस्टग्रेस समजतो की कुणीतरी अजून वाट बघतंय, आणि त्याच्यासाठी वॉल फाइली (राइट-अहेड लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची आधी लिहिलेली नोंद) जपून ठेवतो. आमची रेप्लिका तर कधीच गेली होती. हा इमानदार बाबा तीन आठवडे तिच्यासाठी फाइली साठवत बसला. मग एका रात्री अडीच वाजता डिस्क १०० टक्के भरली आणि डेटाबेस पॅनिक होऊन बसला.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. डिस्क थोडी वाढवायची, डेटाबेस चालू करायचा, स्लॉट काढून टाकायचा. वीस मिनिटांचं काम. पण अडीच वाजता डोकं वीस मिनिटांचं राहत नाही. ड्युटीवरच्या मित्राने पाहिलं की पीजी_वॉल नावाच्या फोल्डरने सगळी जागा खाल्लीय. नावावरून त्याला ते लॉगच वाटले, आणि जुन्या फाइली उडवल्या. त्यानंतर डेटाबेस काही केल्या उठेना, वैध चेकपॉइंट, म्हणजे जिथून सावरायला सुरुवात करायची ती खूण, सापडत नाही म्हणे. शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपवर गेलो. दिवसभराच्या नोंदी गेल्या. त्या लोकांनी मेलमधून शोधून शोधून परत भरल्या.

त्या मित्राला नावं ठेवू नका, त्या रात्री मी असतो तर मीही तेच केलं असतं. १३ व्या आवृत्तीपासून स्लॉट किती वॉल अडवू शकतो याला मर्यादा घालता येते, पण ती आपणहून घालावी लागते. मुळात मर्यादा नसतेच.

कळलावी

म्हणजे रेप्लिका सोडून गेली आणि प्रायमरी तिच्या आठवणी साठवत जागा संपेपर्यंत बसला. यावर कुणीतरी कविता करा रे.

निशाचर

तेव्हा सुचली नाही.

मोरपंखी

निशाचर यांच्या गोष्टीत मॅनेज्ड डेटाबेस असता तर काय झालं असतं? डिस्क ८० टक्क्यांवर गेली तेव्हाच मेल आली असती, काही ठिकाणी डिस्क आपोआप वाढली असती, आणि पीजी_वॉलला हात लावायची सोयच नसती. आपण पैसे मोजतो ते बहुतांशी या शेवटच्या गोष्टीचे. जिथे हात घालू नये तिथे तो पोहोचतच नाही. दुसरं म्हणजे पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी. दुपारी ३:१२ ला कुणी चुकीचा डिलीट मारला तर ३:११ ची अवस्था परत आणता येते. हे स्वतः बसवता येतं, अवघडही नाही. पण बसवून ते चालू आहे की नाही यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणं हे वेगळं काम आहे, आणि ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

उंबरठा

मोरपंखी, बरोबर आहे, पण दुसरी बाजूही ऐका.

आमचं सगळं मॅनेज्डवर. कार्डाची मुदत संपली, नवीन कार्ड टाकलं, तरी त्यांच्या यंत्रणेला काहीतरी संशयास्पद वाटलं आणि शुक्रवारी संध्याकाळी खातं गोठलं. अ‍ॅप बंद, डेटाबेस बंद, आणि बॅकअपही त्याच खात्यात, म्हणजे तेही बंद. तिकीट टाकलं. 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' असं तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेळा समजून घेतलं. सोमवारी दुपारी चालू झालं. कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

स्वतःचा सर्व्हर पडला तर निदान मी काहीतरी करत असतो. इथे नुसता रिफ्रेश दाबत बसलो होतो.

खडूस_काका

उंबरठा, तुम्हाला तीन दिवसांत मिळालं. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं अख्खं प्रायव्हेट क्लाउड उडालं होतं. उभारताना गूगलच्या आतल्या टूलमध्ये एक रकाना रिकामा राहिला. त्यामुळे त्याला आपोआप एक वर्षाची मुदत लागली, वर्ष भरल्यावर यंत्रणेने ते पुसून टाकलं. सहा लाखांच्या वर सभासद. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते, ते कामाला आले.

स्वतःचं चालवणाऱ्यांनी फार हसू नये. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एसबीजी-२ ही इमारत पूर्ण जळाली. किती जणांचे सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होते ते त्या दिवशी कळलं.

शून्यएक

+१. बॅकअप वेगळ्या कंपनीत, वेगळ्या खात्यात, वेगळ्या कार्डावर. आणि सर्व्हरकडे बॅकअप पुसायची परवानगी नको, फक्त भर घालायची. नाहीतर सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस आधी बॅकअप पुसतो, मग बाकीचं.

हे कुठून शिकलो तर: डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या टूलमध्ये, पोस्टग्रेस चालवत होतो. फायरवॉलमध्ये फक्त २२, ८० आणि ४४३ ही पोर्टं (बाहेरून आत यायची दारं) उघडी. स्टेटस विचारला की तोही तेच सांगायचा. एके दिवशी अ‍ॅप म्हणालं टेबलंच नाहीत. आत जाऊन पाहिलं तर एकच टेबल, त्यात एक ओळ: तुमचा डेटा आमच्याकडे आहे, अमुक पत्त्यावर बिटकॉइन पाठवा. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये घालतो, यूएफडब्ल्यू या माझ्या फायरवॉलला विचारत नाही. म्हणजे दाराला कुलूप होतं आणि शेजारी डॉकरने दुसरं दार पाडलं होतं. पासवर्ड काय होता ते विचारू नका.

कळलावी

पासवर्ड काय होता?

शून्यएक

पोस्टग्रेस.

टर्मिनलवासी

हहपुवा. पण हा दोष सर्व्हरचा नाही हो. पोर्ट उघडताना आधी १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) लिहिलं असतं तर ते मशीनच्या बाहेर दिसलंच नसतं.

शून्यएक

मान्य. फक्त 'एवढं लिहिलं असतं तर' अशी वाक्यं स्वतःच्या सर्व्हरवर किती जमतात ते मोजा एकदा.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. मॅनेज्ड होस्टिंगला मराठी शब्द काय?

कळलावी

होस्ट म्हणजे यजमान. मॅनेज्ड होस्टिंग म्हणजे सांभाळून घेतलेलं यजमानपद.

मोरपंखी

'पोसलेला सर्व्हर'. बिल बघता हाच योग्य.

खडूस_काका

या धंद्यात एक जुनं वचन आहे की सर्व्हर पाळीव प्राण्यासारखा वागवू नये, गुरांसारखा वागवावा. म्हणजे नाव ठेवायचं नाही, नुसता नंबर. आजारी पडला की उपचार करत न बसता दुसरा आणायचा. आमच्याकडे उलटं आहे, आम्ही सर्व्हरला रोज नावं ठेवतो.

दूरदर्शी

विषयावर येऊ. बेसकॅम्प बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीचं उदाहरण कुणीच कसं दिलं नाही? ऑक्टोबर २०२२ मध्ये तिचा एक मालक डेव्हिड हाइनेमायर हॅन्सनने जाहीर केलं की आम्ही क्लाउड सोडतोय, आणि २०२३ मध्ये क्लाउडवरची सॉफ्टवेअर, 'हे' नावाच्या मेल सेवेसकट, स्वतः विकत घेतलेल्या सर्व्हरवर आणली. लाखो डॉलर वाचले. आता बोला.

मोरपंखी

बोलते. त्यांच्याकडे आधीपासून सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अख्खी टीम होती, क्लाउडवर असतानाही होती आणि नंतरही तीच राहिली. लोकांचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून बिलातला फरक सगळा खिशात राहिला. अर्धविराम यांच्याकडे ती टीम म्हणजे 'मला फोन करायचा नाही' म्हणणारा भागीदार. मोठ्यांनी भिंत पाडली म्हणून आपण भाड्याच्या खोलीची पाडू नये.

दूरदर्शी

पण मग मॅनेज्ड कायमचंच का? त्यांच्याकडे वाढ म्हणजे दंड असल्यासारखी असते. बाहेर जाणाऱ्या डेटाचं भाडं वेगळं, जास्त कनेक्शन वेगळी, लॉग सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे तर वेगळे. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार आहे. हरोकू या मॅनेज्ड प्लॅटफॉर्मने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटचे प्लॅन बंद केले तेव्हा किती जणांची पळापळ झाली आठवतंय ना?

मोरपंखी

आठवतंय, मीही पळत होते. कायमचं नाही म्हणत. पण हिशेब करताना तुमचा तासही धरा. तो तक्त्यात कुणी लिहीत नाही, कारण तो आपण स्वतःलाच फुकट विकतो.

उंबरठा

आणि त्या ९९.९ टक्के वगैरे वचनांचाही हिशेब एकदा करा. ९९.९ म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद चालतं. ९९.९९ म्हणजे सव्वाचार मिनिटं. वचन मोडलं तर मिळतं काय? पुढच्या बिलात थोडी सूट. तीही बहुतेक ठिकाणी मागावी लागते.

धुंडाळ्या

एक मूलभूत प्रश्न, कुणीच विचारला नाही म्हणून. अर्धविराम, मेमरी कमी का पडतेय ते पाहिलंत का? ९०० वापरणारे म्हणजे पोस्टग्रेसला झोपेत चालेल असं काम. डेटाबेस केवढा आहे? एका वेळी कनेक्शन किती उघडी असतात? पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारी पोस्टग्रेसची सोय) चालू असेल तर सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या पाच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, इथे टाका. (नावं बदलून.)

मॅनेज्ड असो की स्वतःचं, गाळलेला इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) कुणीच तुमच्यासाठी टाकत नाही. उलट मॅनेज्डवाल्याला तुमचा गाळलेला इंडेक्स फार आवडतो. त्यावर तो वरचा प्लॅन विकतो.

अर्धविराम

बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. निशाचर, तुमची गोष्ट दुसऱ्या भागीदाराला दाखवली. तो काहीच बोलला नाही, नुसती मान हलवली.

धुंडाळ्या, डेटाबेस ६ जीबी. कनेक्शन पाहिली तर ९० च्या आसपास उघडी आहेत. हे जास्त आहे का?

धुंडाळ्या

९०० जणांच्या अ‍ॅपला खूपच जास्त. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, ती रिकामी बसली तरी थोडी मेमरी धरून बसते. त्यातली किती 'आयडल' आहेत बघा. माझा अंदाज: वर्कर प्रत्येक पावतीला नवीन कनेक्शन उघडतोय आणि बंद करत नाहीये. ते दुरुस्त करा, पुढे पीजीबाउन्सर हा पूलर लावा, म्हणजे थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरली जातात. बऱ्याच मॅनेज्ड ठिकाणी पूलर तयारच असतो, फक्त वेगळा पत्ता वापरायचा असतो.

टर्मिनलवासी

आणि या निमित्ताने एक करा. कुठेही राहा, पण एका कोऱ्या मशीनवर बॅकअपमधून सगळं उभं करून बघा. घड्याळ लावून. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती फाइल.

खडूस_काका

टर्मिनलवासींशी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सहमत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेत काय झालं ते नवीन लोकांनी जरूर शोधून वाचावं. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरने रेप्लिकाचं समजून प्रायमरीवरचं डेटाचं फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबी होते, थांबवेपर्यंत साडेचार उरले. मग एकेक बॅकअप उघडायला गेले तर पीजी_डंप हा बॅकअपचा प्रोग्रॅम आवृत्ती जुळत नसल्याने कधीपासून फसत होता, आणि फसल्याच्या मेल परस्पर नाकारल्या जात होत्या, कुणाला पोहोचल्याच नाहीत. योगायोगाने कुणीतरी सहा तास आधी चाचणीसाठी एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं. पुढची दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांदेखत केली आणि चुकलेलं सगळं लिहून काढलं. असा मोकळेपणा फार कमी दिसतो.

आणि मॅनेज्डवाले काही वेगळ्या मातीचे नसतात. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला एका चुकीच्या टाइप केलेल्या कमांडमुळे अ‍ॅमेझॉनचं एस-थ्री (फाइली साठवायची सेवा) काही तास बसलं, आणि सेवा बंद आहे हे सांगणारं पानही एस-थ्रीवरच अवलंबून असल्याने ते सगळं हिरवं दाखवत होतं.

वाचनमात्र

मेल सर्व्हरपण स्वतःचा चालवावा का?

निशाचर

नको.

मोरपंखी

नको.

टर्मिनलवासी

मी सांगतो म्हणून ऐका, नको. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, उलटा डीएनएस (मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) सगळं नीट लावूनही तुमच्या आयपीवर आधी कुणीतरी कचरा पाठवलेला असतो, आणि तुम्ही त्याचे वारस. पुष्कळ होस्ट २५ नंबरचं पोर्ट बाहेरच्या दिशेने बंदच ठेवतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळलेत.

दूरदर्शी

मी ११ वर्षं चालवतोय, काही त्रास नाही.

कळलावी

दूरदर्शी, तुमच्या मेल पोहोचतात की तुम्हाला उत्तरं येत नाहीत म्हणून शांतता आहे?

अर्धविराम

तीन आठवड्यांनी परत आलेय.

धुंडाळ्या, दंडवत. वर्करच होता. प्रत्येक पावतीला नवीन कनेक्शन, आणि चूक झाली तर ते तसंच उघडं. ते दुरुस्त केलं आणि पूलरचा पत्ता वापरला. ९० ची १४ झाली. त्यातच सभासदांच्या यादीची एक क्वेरी इंडेक्सविना अख्खं टेबल वाचत होती, तीही सापडली. वरच्या प्लॅनची गरज उरली नाही. जिच्यावरून हा धागा काढला ती अडचण प्लॅटफॉर्मची नव्हतीच, माझी होती.

मग टर्मिनलवासींनी सांगितलं तसं एक व्हीपीएस घेतला आणि बॅकअपमधून सगळं उभं करायला बसलो, तिघंही, घड्याळ लावून. अंदाज होता एक तास. लागले साडेपाच. डेटाबेस वीस मिनिटांत उभा राहिला. पण अर्धी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (पासवर्ड, पत्ते असली सेटिंग्ज) फक्त प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवर होती, दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. पावत्यांचे फॉन्ट नव्हते, त्यामुळे जोडाक्षरं फुटली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे संस्थांनी अपलोड केलेल्या पावत्यांच्या स्कॅन फाइली. त्या बॅकअपमध्ये नव्हत्याच! बॅकअप फक्त डेटाबेसचा होता. त्या चार वर्षं क्लाउडवरच्या एकाच बकेटमध्ये (फाइलींच्या कप्प्यात), एकाच खात्यात पडून आहेत. मी इतके दिवस 'मॅनेज्ड आहे, बॅकअप आहे' म्हणत निवांत झोपत होते.

आता डेटाबेस मॅनेज्डच ठेवतोय. वर्कर त्या नव्या व्हीपीएसवर हलवला. तो दोन तास बंद पडला तर पावत्या उशिरा जातील, एवढंच. हातही बसेल. फाइलींची रोजची प्रत दुसऱ्या कंपनीकडे जाते. दर तीन महिन्यांनी रिस्टोअरची तालीम करायचं ठरलंय, आणि ज्याने 'मला फोन करू नका' म्हटलं होतं तोच ती घेणार आहे, स्वतःहून.

निशाचर

फाइली आत्ताच सापडल्या हे फार बरं झालं. आमच्याकडे अशा गोष्टी नंतर कळायच्या, बैल गेला नि झोपा केला.

मोरपंखी

फॉन्ट! जोडाक्षरांचा बॅकअप कुणाच्या डोक्यात येतो?

टर्मिनलवासी

वर्कर हलवलात ना, झालं. वर्षभरात डेटाबेसही येईल. पैज.

खडूस_काका

त्या नव्या व्हीपीएसच्या डिस्कला अलर्ट लावलात का?

अर्धविराम

...लावते.

कळलावी

हा धागा तीन महिन्यांनी वर काढायला मी क्रॉन (सर्व्हरवरचा गजर) लावून ठेवलाय.

शून्यएक

कुठल्या सर्व्हरवर?